सात दिवसांची शांतता

हसायचं नाही, हे आधी कबूल करा, मगच सांगतो. आमच्या सोसायटीत आजही मी जिना उतरताना दिसलो की बायका तोंडाला पदर लावतात. त्यात तुमची भर नको.

मी आयुष्यात एकदाच शांत राहायचं ठरवलं. फक्त सात दिवस हो! आणि त्या सात दिवसांत जो घोळ घातला, तसा घोळ मला तीस वर्षं अखंड काळज्या करूनही जमला नव्हता.

मी काळजीखोर आहे, हे तुम्हाला ठाऊक आहेच. बुधवार पेठेत माझं वायरी, रिमोट आणि रेडिओच्या सुट्या भागांचं दुकान. संध्याकाळी कुलूप लावलं की तीनदा ओढून बघायचं. मग बसस्टॉपपर्यंत जायचं. मग परत येऊन चौथ्यांदा ओढायचं. शेजारच्या दुकानात सलीमभाई मिक्सर दुरुस्त करतात. ते एकदा म्हणाले, "साठेसाहेब, याच्यापेक्षा चोर परवडला. तो एकदाच ओढेल."

घरी गॅसचं बटण, दाराची कडी, पाण्याची मोटर. आमची शैला, म्हणजे बायको, गावाला निघताना समोरच्या देशपांडे काकूंना सांगून ठेवते, "आम्ही चाललोय. अर्ध्या तासात हे एकदा परत येतील, दचकू नका."

आणि भाऊकाका राहिलेच! वाईला असतात. माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ, वय वर्षं एक्याण्णव. गेली आठ वर्षं मी भेटेल त्याला सांगतोय, "आमच्या भाऊकाकांचं काही खरं नाही." भाऊकाका रोज पहाटे घाटावर जाऊन थंड पाण्याने अंघोळ करतात, ते सोडा. माझी काळजी आपली चालूच.

अशा माणसाच्या मुलीचं लग्न ठरलं. काय होणार सांगा?

मुग्धा आमची एकुलती एक. मुलगा सागर, तिच्याच ऑफिसातला, फार गुणी. पण त्याचे वडील दादासाहेब जगताप म्हणजे गावकीतला वजनदार माणूस. वारज्यात आज आमची सोसायटी उभी आहे ना, तिच्या पलीकडचं सगळं शेत त्यांचं होतं. "पेठेतल्या मानसाची पोरगी आमच्यात कशी नांदायची?" म्हणून त्यांनी दोन वर्षं नकार लावून धरला. पोरांनी दोन वर्षं मुकाट वाट बघितली. शेवटी दादासाहेब विरघळले आणि साखरपुड्याचा रविवार ठरला. त्यानंतरच्या मंगळवारी पौष लागत होता. म्हणजे हा रविवार हुकला की महिनाभर नाव काढायचं नाही, आणि त्या महिन्यात दादासाहेबांचं मन पुन्हा फिरलं तर?

झालं! माझा जीव टांगणीला लागला.

हॉलवाल्याला मी दिवसातून चार फोन करायचो. तो पक्का पुणेकर. म्हणाला, "काका, हॉल इथंच आहे. हलला की कळवतो." भटजींना घसा सांभाळायला सांगितलं. अंगठीचं माप तीनदा घेतलं. आणि सगळ्यांत मुख्य म्हणजे रोज सकाळी सहाच्या ठोक्याला दादासाहेबांना फोन.

"नमस्कार. सहजच केला. विचार बदलला नाही ना?"

"न्हाई बदलला."

"बरं बरं. ठेवतो."

असे ओळीनं अकरा दिवस.

बाराव्या दिवशी मुग्धा माझ्यासमोर येऊन बसली. डोळे भरलेले. "बाबा, त्यांचा होकार मिळवायला मला दोन वर्षं लागली. तुम्ही बारा दिवसांत घालवाल. सागरच्या आत्या त्याला विचारत होत्या, 'तुज्या सासऱ्याचं डोकं ठिकानावर हाय न्हवं?' साखरपुड्यापर्यंत तरी शांत राहा ना. माझ्यासाठी."

आता पोरीनं असं म्हटल्यावर बापानं काय करावं? तिनंच एक वर्ग शोधून काढला. शनिवारी सकाळी, एका वाचनालयाच्या माडीवर. निवृत्त प्राध्यापक परांजपे सर तिथे जुन्या ग्रीक आणि रोमन लोकांचं शहाणपण शिकवायचे. स्टोइक म्हणायचे त्या लोकांना. मी गेलो. पायरीवर चपला काढल्या, त्या जागेवर आहेत का हे दोनदा जाऊन बघितलं, आणि बसलो.

सर फार छान बोलले हो. म्हणाले, "पाऊस तुमच्या हातात नाही, छत्री तुमच्या हातात आहे. आपण छत्री घरी विसरतो आणि ढगाशी भांडत बसतो." मग म्हणाले, "गोष्ट घडते ती नुसती गोष्ट असते. तिला चांगली-वाईट ही नावं आपण देतो. तेव्हा आधी नीट बघा, मग नाव द्या." मला वाटलं, हा माणूस फक्त माझ्यासाठी बोलतोय!

शेवटी त्यांनी एक अभ्यास सांगितला. म्हणाले, ते लोक अधूनमधून काही दिवस मुद्दाम कमीत कमीत राहायचे. साधं अन्न, जाडंभरडं कापड, जमिनीवर झोप. आणि स्वतःला विचारायचे, की मी ज्याला इतका घाबरत होतो, ते हेच का?

मी हात वर केला. "सर, किती दिवस?"

"झेपेल तितके."

"तब्येतीला काही होणार नाही ना?"

"साठे, बसा."

साखरपुडा पुढच्या रविवारी होता. मी हिशेब केला, या रविवारपासून शनिवारपर्यंत सात दिवस. आणि योग बघा, त्याच रविवारी सकाळी शैला आणि मुग्धा पैठणी घ्यायला येवल्याला निघाल्या. वाटेत नाशिकला माझ्या सासुरवाडीला आमंत्रण द्यायचं, चार दिवस राहायचं, शुक्रवारी परत. म्हटलं, त्या येईपर्यंत बाप नवीन झालेला असेल!

मग काय विचारता! गादी गुंडाळून ठेवली, दिवाणखान्यात चटई अंथरली. डिसेंबरची थंडी, त्यात गार पाण्याची अंघोळ. दाढी बंद. म्हटलं, शनिवारी एकदाच करू. अंगावर एक जुना पंचा आणि बंडी. जेवायला वरणभात, तोही बिनफोडणीचा. गोडधोड नाही, तळण नाही. चपलासुद्धा कपाटात ठेवल्या. अनवाणी.

तुमच्या चेहऱ्यावर काहीतरी उमटायला लागलंय. थांबा, मला सांगू दे. मला तेव्हा काही म्हणजे काही उमटलं नव्हतं!

प्रश्न आला देवपूजेचा. माझी पूजा म्हणजे काय? फूल वाहायचं आणि मागण्यांची यादी वाचायची. हॉल राहू दे, भटजींचा घसा राहू दे, भाऊकाका राहू दे. सर तर म्हणाले होते, हातात नाही त्याच्यामागे धावू नका. म्हणून ठरवलं, सात दिवस आपण देवाजवळ जायचंच नाही. पण देव बिनफुलाचे कसे ठेवायचे? मी समोरच्या देशपांडे काकूंचं दार वाजवलं.

"काकू, एक विनंती होती. आठवडाभर आमच्या देवांना तुम्ही फूल वाहाल का? मला चालणार नाही."

काकूंनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं. अनवाणी पाय, पंचा, वाढलेले खुंट. त्यांचा आवाज एकदम खाली आला.

"कधीपासून?"

"आजपासूनच."

"शैलाला कळवलंत?"

"नाही. आल्यावर बघेलच ती."

"बरोबर आहे. प्रवासात कळवू नये." काकूंनी मान हलवली. "दहा दिवस तुम्ही कशाची चिंता करू नका."

दहा? मी मनात म्हटलं, या बाईंनीसुद्धा सरांचा वर्ग केलेला दिसतोय, आणि माझ्यापेक्षा पुढच्या इयत्तेत आहेत!

सोमवारी अनवाणी दुकानात गेलो. बसमध्ये एका मुलीनं उठून जागा दिली. पेठेत पोचलो तर सलीमभाई टेबलावरून उठून बाहेर आले. माझ्या पायांकडे बघितलं.

"साठेसाहेब... वाईचे काका? तब्येत बरी नव्हती ना त्यांची?"

एरवी मी पाऊण तास भाऊकाकांचं रक्तदाब-पुराण लावलं असतं. पण आता मी नवीन माणूस! शांतपणे म्हणालो, "सलीमभाई, वय झालं की व्हायचं ते होतं. आपल्या हातात काय आहे? त्रास करून घ्यायचा नाही."

सलीमभाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. आत जाऊन स्वतःच्या दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं आणि दिवसभर रेडिओ लावला नाही. मला वाटलं, आपल्या शांततेचा कसा परिणाम होतो बघा लोकांवर!

मंगळवारपासून घरी डबे यायला लागले. वरच्या मजल्यावरून पिठलं-भात, खालच्यांकडून भाकरी. सगळं साधं. मला भरून आलं. एका माणसानं साधं राहायचं ठरवलं, तर अख्खी सोसायटी त्याच्या पाठीशी! कोण म्हणतं शहरात माणुसकी नाही?

मग लोक भेटायला यायला लागले. यायचे, सतरंजीवर बसायचे, दहा मिनिटं काही बोलायचे नाहीत. मीही बोलायचो नाही. मी चहा विचारायचो, ते हातानं नको म्हणायचे. फुकटच्या चहाला कोणी नको म्हणतंय, तेव्हा तरी मला कळायला हवं होतं! जाताना नुसते उठून जायचे. एकही माणूस "येतो" म्हणाला नाही. अहो, एकही नाही! आणि मी गाढव चटईवर बसून विचार करतोय, की आपल्या सान्निध्यात लोकांना शब्दांची गरज वाटत नाही.

तिकडे शैलाचा फोन आला. "काय हो, दिवसभरात तुमचा एकही फोन नाही? बरं आहे ना?"

"सगळं ठीक आहे."

"गॅस?"

"असेल बंद."

तिनं पुन्हा विचारलं, "नक्की बरं आहे ना तुम्हाला?"

आणि दादासाहेबांना सहाचा फोन? बंद! रविवारपासून मी तो मोह आवरला होता. पहाटे पावणेसहाला डोळा उघडायचा, हात फोनकडे जायचा, मी तो हात दुसऱ्या हातानं धरून ठेवायचो. खरं सांगतो, गार पाणी परवडलं, चटई परवडली. तो एक फोन न करणं फार जड गेलं.

गुरुवारी संध्याकाळी दारात स्वतः दादासाहेब उभे! पांढरा लेंगा, पांढरी टोपी. सोबत त्यांची मोठी बहीण, ताराआत्या. आत्यांच्या हातात पेढ्यांचा पुडा होता. आत देशपांडे काकू देवाला फूल वाहून तबक घेऊन बाहेर पडत होत्या. सतरंजीवर खालच्या मजल्यावरचे दोघं मान खाली घालून बसले होते. मी चटईवर, पंचा नेसून. आत्यांनी एक नजर फिरवली आणि तो पुडा झटकन पदराखाली घेतला.

दादासाहेब टेकले. टोपी काढून मांडीवर ठेवली.

"कंदी?"

"रविवारपासून."

"लई वाईट झालं."

मला वाटलं, माझे हाल बघून कळवळले. म्हटलं, हीच वेळ. आत्यांना दाखवूनच देऊ आपलं डोकं किती ठिकाणावर आहे ते!

"दादासाहेब, वाईट असं काही नसतं. आपण वाईट म्हणतो म्हणून ते वाईट."

आत्यांनी गालावर हात ठेवला. "काय काळजाचा मानूस हाय ह्यो!"

"मंग, रविवारचं?" दादासाहेबांनी हळूच विचारलं.

"रविवारचं काय? झालं तर झालं, नाही झालं तर नाही. ते का आपल्या हातात आहे?"

"बरूबर बोललात. न्हाईच आपल्या हातात." दादासाहेबांनी सुस्कारा सोडला. "मंग आसं करू, म्होरं ढकलू."

अहो, पुढे ढकलू? का? ओरडावंसं वाटलं, पाय धरावेसे वाटले. पण डोक्यात सर बोलत होते. मला वाटलं, हीच परीक्षा! पाच दिवस जे शिकलो त्याचा पेपर दारात चालून आलाय. आत्या टक लावून बघताहेत. मुग्धानं हात जोडून सांगितलंय, शांत राहा म्हणून.

मी मान डोलावली. चक्क हसलो. "जशी आपली इच्छा," म्हणालो.

दादासाहेब उठले. त्यांनीही "येतो" म्हटलं नाही. दाराबाहेर आत्या पुटपुटल्या ते मला स्पष्ट ऐकू आलं. "दादा, सोयरीक जुळली आन् लगीच ह्ये. शकुन काय बरा न्हाई. म्होरं ढकलायचं का मोडायचं, त्ये बग तू."

त्यानंतरचे अठरा तास मी कसे काढले ते माझं मला माहीत. "नुसती गोष्ट आहे, नुसती गोष्ट आहे," असं घोकत दिवाणखान्यात येरझारा घातल्या. कसली नुसती गोष्ट! माझ्या पोरीनं दोन वर्षं वाट बघितली होती. तिला मी काय सांगणार होतो? फोन कितीदा उचलला आणि कितीदा ठेवला. एक साधा प्रश्न विचारायचा होता, "दादासाहेब, का?" पण नाही. शांत राहायचं होतं ना मला!

शुक्रवारी दुपारी खाली रिक्षा थांबली. पैठणीचा खोका घेऊन शैला आणि मुग्धा जिना चढून आल्या. दारातच देशपांडे काकूंनी शैलाला मिठी मारली.

"शैला, धीर धर गं. यांनी फार धीरानं घेतलंय."

शैलाच्या हातातली पिशवी गळाली. "काय झालं? कोण गेलं?"

"अगं, तुमचे वाईचे भाऊकाका!"

शैलानं हंबरडा फोडला. आणि आता खरी गंमत. भाऊकाका गेल्याचं मलाही तेव्हाच कळलं! मला वाटलं, वाईहून निरोप आला तो परस्पर काकूंना कळला, आणि मला धक्का बसू नये म्हणून सगळे गप्प होते. म्हणून ते डबे! म्हणून ती माणसं! माझे भाऊकाका! लहानपणी त्यांनी मला कृष्णेत पोहायला शिकवलं होतं. मी चटईवर बसून लहान पोरासारखा रडायला लागलो. ग्रीक गेले, रोमन गेले. मुग्धा पण रडायला लागली. आम्हाला बघून काकूही.

इतक्यात फोन वाजला. मी हुंदका गिळून उचलला.

"कोण, सुऱ्या का? अरे, मी गेलो म्हणे!"

भाऊकाकांचाच आवाज!

"कुणी देशपांडे म्हणून बाईंचा फोन होता सकाळी. मीच उचलला, तर मलाच विचारतात, तेरावा वाईला करणार का पुण्याला? मी म्हटलं, कोणाचा? तर म्हणे भाऊकाकांचा! मी सांगितलं, तुमच्या सोयीनं करा, मला दोन्हीकडे जमेल."

मी काकूंकडे बघितलं. काकू म्हणाल्या, "मला वाटलं घरातलंच कुणी वयस्कर बोलतंय. दुःखात माणूस काहीही बोलतो."

मग हळूहळू सगळं उलगडलं. दाढी नाही, चपला नाहीत, चटई, बिनफोडणीचं वरण, देवाला हात नाही. "अहो साठे," काकू कडाडल्या, "याला सुतक म्हणतात! तुम्ही म्हणता शहाणपण!"

शैला कपाळाला हात लावून बसली. मुग्धाचे डोळे मात्र माझ्यावर. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "बाबा, सागर कालपासून माझा फोन उचलत नाहीये. तुम्ही दादासाहेबांना काय सांगितलंत?"

मी सांगितलं. सगळं. "जशी आपली इच्छा" सकट.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं पैठणीचा खोका उचलून कपाटात ठेवला आणि कपाट बंद केलं. ते बघून माझं काळीज तुटलं हो. मी तसाच उठलो, पंच्यावरच, अनवाणी, आणि जगतापांच्या घराकडे पळत सुटलो.

दारात ताराआत्या. "तितंच थांबा! सुतकाच्या मानसानं आमचा उंबरा वलांडायचा न्हाई."

"आत्या, सुतक नाहीये! कोणी गेलेलंच नाही!"

"मंग पाय कशापायी अनवाणी?"

"अभ्यास करतोय."

"कसला?"

"शांत राहायचा!"

मी हे घाम पुसत, धापा टाकत, जवळजवळ किंचाळून सांगत होतो. दादासाहेब बाहेर आले. माझ्याकडे दयेनं बघत बहिणीला म्हणाले, "दुख्खानं झालंय. ह्येंना जरा पानी द्या, उंबऱ्याबाह्यरनंच."

मी ग्रीक सांगितले, रोमन सांगितले, छत्री सांगितली. जेवढं सांगत गेलो तेवढी त्यांची खात्री पटत गेली. शेवटी फोन लावून भाऊकाकांचा आवाज ऐकवला. आत्या म्हणाल्या, "फोनवर कुनीबी बोलंल. मानूस दाखवा."

मानूस दाखवा! म्हणजे एक्याण्णव वर्षांच्या माणसाला जिवंत असल्याचा पुरावा म्हणून वाईहून आणायचं! मी भाऊकाकांना विचारलं तर म्हणाले, "येतो की. मेल्यावर तरी कुठे फिरायला मिळणार आहे?"

शनिवारी सकाळी सहाच्या एसटीनं निघून भाऊकाका आले. काठी टेकत जगतापांच्या उंबऱ्यासमोर उभे राहिले. ताराआत्या जवळ जाऊन निरखायला लागल्या.

"ह्येच त्ये?"

"मीच तो," भाऊकाका म्हणाले. "शिवून बघा हवं तर. पण आधी चहा टाका."

आत्या पदरात तोंड लपवून हसायला लागल्या, तेव्हा कुठे माझ्यामागे उभ्या असलेल्या मुग्धानं श्वास सोडला. दादासाहेबांनी भाऊकाकांना हाताला धरून आत नेलं. मग माझ्याकडे वळले.

"पाव्हणं, खरं सांगू? तुमची दाढी बगून न्हाई, पाय बगून न्हाई. रविवारी सकाळी सा वाजलं, तुमचा फोन न्हाई. सोमवारी न्हाई. मंगळवारी ही आक्का पेढं घिऊन जाऊ म्हनत हुती, तवाच म्या तिला म्हनलं, त्या घरात कुनीतरी गेलंय. त्याबिगर ह्यो मानूस गप बसायचा न्हाई."

हॉल नको, असं दादासाहेबांनी शुक्रवारीच कळवून टाकलं होतं. हॉलवाल्याला मी तिथूनच फोन लावला. तो म्हणाला, "काका, हॉल इथंच आहे. फक्त आता दुसऱ्यांचा आहे."

मग साखरपुडा आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये झाला. गाड्या बाहेर काढल्या, देशपांडे काकूंनी रांगोळी घातली, तेराव्याचं विचारून चुकल्या होत्या ना, म्हणून अंगणभर घातली. सलीमभाईंनी दिव्यांच्या माळा स्वतः लावल्या आणि प्रत्येक जोड तीनदा ओढून बघितला, माझ्याकडे बघत. भाऊकाका पहिल्या रांगेत बसून जिलबी खात होते. मुग्धा त्या पैठणीत अशी दिसत होती की मी चार वेळा डोळे पुसले आणि एकदाही लपवले नाहीत.

परांजपे सरांनाही बोलावलं होतं. त्यांना कोपऱ्यात गाठून सगळी हकीकत सांगितली. विचारलं, "सर, मी चुकलो कुठे? हातात नव्हतं त्याचा मी खरंच त्रास करून घेतला नाही."

सर म्हणाले, "हातात नव्हतं त्याचं ठीक आहे. दाढी तुमच्या हातात होती. आणि 'का पुढे ढकलताय' हे विचारणंही."

सरांनी जिलबी उचलली. "आधी नीट बघा, मग नाव द्या, हे सांगितलं होतं. शनिवारी पुन्हा पहिल्यापासून बसा."

त्या रविवारी मी इतका दमलो होतो की गादीवर पडल्या पडल्या डोळा लागला. कुलूप बघितलं नाही, गॅस बघितला नाही. तीस वर्षांत पहिल्यांदा, खरोखरची, कुठल्याही अभ्यासाशिवायची गाढ झोप. पोरीचं झालं होतं हो सगळं नीट.

सोमवारी सकाळी फोनच्या आवाजानं जाग आली. घड्याळात सहा वाजून दहा मिनिटं. पलीकडे दादासाहेब होते, आवाज अगदी दबका.

"पाव्हणं, आज फोन न्हाई आला. आता कोन गेलं?"